गजावरची दुसरी खूण

१

नाताळ तोंडावर आला की डॉर्सी क्लाइनफेल्टरच्या स्वयंपाकघरातलं टेबल जेवायच्या कामाचं राहत नसे. त्यावर गोळ्या पसरलेल्या असत. नाताळ संपला की हरणांच्या शिकारीचा शेवटचा हंगाम सुरू व्हायचा. तो ठासणीच्या, चकमकीच्या बंदुकांचा. त्याआधी शेडमध्ये शिसं वितळवायचं, साच्यांत ओतायचं आणि थंड झालेल्या गोळ्या घरात आणून तांदूळ निवडावेत तशा निवडायच्या, हा त्याचा तीस वर्षांचा नेम होता.

निवडायची रीत साधी. गोळी चिनी मातीच्या ताटात घरंगळत सोडायची. सरळ गेली तर चांगली. लंगडत गेली तर तिच्या पोटात हवा आहे, तिला परत भांड्यात टाकायचं. त्याची बायको लव्हर्न या कामात त्याच्या वरचढ होती. ती ताटाकडे पाठ करून, नुसत्या आवाजावरून सांगे, ‘‘ही टाक.’’

पण ते पूर्वी. गेली दोन वर्षं लव्हर्नची आठवण उसवत चालली होती. सकाळ की संध्याकाळ ते कळेना, मुलीचं नाव ओठावर येऊन अडायचं. हात तेवढे शहाणे राहिले होते. बटाटे सोलणं, विणणं, शिवणं हे सगळं हात आपापलं करत. हातांची आठवण सगळ्यात शेवटी जाते, असं डॉक्टर म्हणाले होते.

मुलगी मार्लिस दोन तासांवरच्या शहरात राही. आईला तिथल्या वृद्धाश्रमात ठेवावं, असं तिचं म्हणणं. डॉर्सीने सपशेल नकार दिला होता. ‘‘माझ्या हाताला चमचा धरता येतोय तोवर ती याच घरात राहील.’’ शेवटी बापलेकीत एक तडजोड झाली. घरात एकही धोक्याची गोष्ट घडली, तर मार्लिस आईला घेऊन जाणार आणि बापाने मध्ये पडायचं नाही. तेव्हापासून डॉर्सी शेगडीची बटणं दिवसातून चारदा बघे.

त्या दुपारी शेजारचा हॉबर्ट कॉफी प्यायला आला होता. हॉबर्ट म्हणजे फुकटचा सल्ला आणि भरपूर साखर.

‘‘अजून गोलच गोळ्या ओततोस का रे? ते प्लॅस्टिकच्या टोपडीतलं टोकदार मिळतं, ते घे. हरीण जागच्या जागी बसतं.’’

‘‘तू दरवर्षी टोकदार घेतोस, आणि दरवर्षी बायकोला दुकानातलं मटण आणून देतोस.’’

‘‘डोळे गेलेत माझे. गोळीचा दोष नाही.’’

लव्हर्न हसली. ती हसली की डॉर्सीला वाटे, सगळं पूर्ववत आहे.

प्रश्न यंदा निराळाच होता. त्याच्याकडे साचे दोन होते, एक लहान आणि एक मोठा. लहान गोळी असेल तर तिच्याभोवती गादीपाटाची जाड चिंधी लागते. मोठी असेल तर पातळ कापड पुरतं, पण ठासायला मनगट लागतं. गोळी सैल बसली की हरीण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुरून मरतं, ते त्याला सहन होत नसे. त्याने दोन्ही लावून बघायचं ठरवलं. दारावरच्या खुंट्यांवरून बंदूक काढली आणि सवयीने आधी नळीत गज, म्हणजे गोळी ठासायची लांब सळई, सोडला.

त्या भागातल्या प्रत्येकाच्या गजावर दोन खुणा असतात. रिकाम्या नळीत गज जिथवर जातो तिथे एक, आणि भरलेल्या नळीत जिथे अडतो तिथे दुसरी. डॉर्सीचा गज दुसऱ्या खुणेवर अडला.

‘‘झालं!’’ हॉबर्टने मांडीवर थाप मारली. ‘‘गेल्या वर्षीपासून भरलेली ठेवलीयस! गावभर सांगणार मी.’’

डॉर्सीही हसला. गेल्या वर्षी बंदूक गरम पाण्याने धुऊन, तेल लावून ठेवल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं.

२

हॉबर्ट गेल्यावर त्याने गोळी काढली. गजाच्या टोकाला बारीक स्क्रू लावायचा, तो गोळीत पिळत न्यायचा, शिसं मऊ असतं, स्क्रू आत चावतो. मग ओढायचं. गोळी आली, मागोमाग तिची चिंधी, मग दारू. दारू अगदी कोरडी होती. वर्षभर नळीत पडलेली दारू अशी नसते.

गोळी त्याने उजेडात धरली. लहान साच्याहून मोठी, मोठ्या साच्याहून लहान. रंग काळपट. ओतलेल्या गोळीवर शिशाचं शेपूट तोडल्याची चपटी खूण असतेच, लेकराच्या बेंबीसारखी. या गोळीला बेंबी नव्हती.

दुकानातल्या गोळ्यांना नसते, त्याने स्वतःला सांगितलं. कुठल्यातरी जुन्या डब्यात एखादी पडून असेल. त्याने ती वितळायच्या भांड्यात टाकली, नळी पुसली, गज पहिल्या खुणेपर्यंत गेल्याचं पाहिलं आणि बंदूक खुंट्यांवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, काही कारण नसताना, त्याने पुन्हा गज सोडला. दुसरी खूण.

आता मात्र तो खुर्चीत बसला. घरात माणसं दोन. एक तो स्वतः. त्याने भरली नव्हती. राहिली ती खिडकीपाशी बसून लोकर गुंडाळत होती, आणि बंदूक डोळे मिटून भरता येईल असे हात या खोऱ्यात तिचेच होते. तरुणपणी दोघं बरोबर जात. तिची बंदूक भरून झाली तरी याचं दारू मोजणंच चाललेलं असे.

‘‘लव्हर्न, तू बंदुकीला हात लावलास का?’’

तिने बराच विचार केला. ‘‘बंदुकीला? हो.’’

‘‘का गं?’’

‘‘लावावा लागतो,’’ ती म्हणाली आणि पुन्हा लोकरीकडे वळली.

 भरलेली बंदूक घरात आणि भरणारी अशी. मार्लिसला हे कळलं तर त्याच दिवशी गाडी दारात उभी राहील. त्याने गोळी काढली, दारूचा डबा शेडमध्ये नेऊन कुलूप घातलं, किल्ली पाकिटात ठेवली आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ.

कुलूप घातल्यावर दोन दिवस नळी रिकामी होती. तिसऱ्या दिवशी भरलेली निघाली. दारू कुठून आली? तिने आधीच कुठेतरी पुडी करून ठेवली असेल. असेलच. त्याने घरभर शोधलं आणि पुडी मिळाली नाही, तरी त्याने तेच खरं मानलं. माणसाला एक कारण लागतं, आणि त्याच्यापाशी दुसरं नव्हतं.

३

त्या आठवड्यात बर्फ पडून गेलं आणि थंडी वाढली. तो दिवसाढवळ्या अंगणात लाकडं फोडत होता. कुऱ्हाड उचलून धरली असताना घरातून आवाज आला.

सर्र... आणि शेवटी टक्, टक्.

गोळी तळाशी बसली की शिकारी गज दोनदा आपटतो, ती बसली याची खात्री म्हणून. हा आवाज डॉर्सीने झोपेतही ओळखला असता. कुऱ्हाड टाकून तो पळतच आत गेला.

लव्हर्न टेबलापाशी बसली होती. हात मांडीवर. बंदूक दारावर, तिच्या खुंट्यांवर. तिथवर लव्हर्नचा हात पोचायला स्टूल लागे, आणि स्टूल न्हाणीघरात होतं. दारातून तिच्यापर्यंत सात-आठ पावलं. इतक्यात ती खाली उतरून, स्टूल ठेवून, येऊन बसली असेल? गुडघे दुखणारी बाई?

‘‘आवाज कसला झाला?’’

‘‘आला ना,’’ ती म्हणाली.

‘‘कोण आलं?’’

 लव्हर्नने खुर्ची जराशी भिंतीकडे सरकवली आणि पाय आत ओढून घेतले. चर्चमध्ये बाकावर बसलेलं माणूस, आत जाणाऱ्याला वाट देताना घेतं तसे. तिची नजर कमरेइतक्या उंचीवरून हळूहळू मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. मग तिने पाय पुन्हा मोकळे सोडले.

डॉर्सी तिथेच उभा राहिला. हे आजारातलंच आहे, तो मनात म्हणाला. नसलेली माणसं दिसतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण कमरेइतकी उंची त्याच्या डोक्यातून जाईना. उभं माणूस तेवढं नसतं. मूल असतं, नाहीतर वाकून चालणारं काहीतरी असतं.

मागच्या खोलीत कुणी नव्हतं. नळी भरलेली होती.

४

शेवटी त्याने बंदूक कांबळ्यात गुंडाळली आणि हॉबर्टकडे नेली.

‘‘चार दिवस ठेव तुझ्याकडे. रोज गज टाकून बघ.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘बघ म्हणतोय ना.’’

हॉबर्टने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही. रोज संध्याकाळी त्याचा फोन येई. रिकामी. आजही रिकामी. ‘‘अंडी घालेल म्हणून वाट बघतोयस की काय?’’

ते चार दिवस घर किती शांत होतं! लव्हर्न रात्रभर झोपली. सकाळी गाणं गुणगुणत तिने कुकीज केल्या, साखर दोनदा पडली पण दोघांनी त्या आवडीने खाल्ल्या. तिने त्याच्या गालावर हात ठेवून त्याला नावाने हाक मारली. डॉर्सीला रडू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

म्हणजे हाताच्या काकणाला आरसा कशाला? बंदूक हॉबर्टच्या घरी रिकामी राहते, इथे भरते. तिथे लव्हर्न नाही, इथे आहे. हिशोब इतका सरळ होता की त्याचं दुसरं उत्तर असू शकतं हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं. वाकून चालणाऱ्या कशापेक्षा, आजारी बायको बरी.

नाताळच्या आदल्या दिवशी हॉबर्ट स्वतःच बंदूक परत घेऊन आला, कारण हंगाम तोंडावर आला होता आणि त्याला वाटलं, आपण दोस्तावर उपकार करतोय. नाताळसाठी मार्लिस यायची होती, आणि डॉर्सी तेव्हा तिच्या गाडीसाठी रस्त्यावरचं बर्फ काढायला गेला होता. हॉबर्टने बंदूक लव्हर्नच्या हातात दिली.

५

बापलेक हसत आत आले. हातांत भेटींच्या पिशव्या होत्या.

लव्हर्न स्टुलावर बसली होती. बंदूक गुडघ्यांमध्ये उभी, नळीचं तोंड तिच्या हनुवटीखाली, आणि गज अर्धा नळीत. ती दोन्ही हातांनी गज धरून होती. कपाळावर घाम होता.

मार्लिसच्या हातातली पिशवी पडली. ‘‘मॉम! मॉम, सोड ते! डॅड, घे ना तिच्या हातातून!’’

डॉर्सीने बंदूक काढून घेतली. गज नळीतच घट्ट अडकून बसला होता, तो त्याने तसाच राहू दिला, मागच्या खोलीत बंदूक उभी केली आणि दार ओढून घेतलं. परत आला तेव्हा मार्लिस आईचे खांदे धरून खाली बसली होती.

‘‘किती दिवस चाललंय हे, डॅड?’’

डॉर्सीने तिची पडलेली पिशवी उचलून टेबलावर ठेवली.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘तीच भरते,’’ तो म्हणाला. ‘‘दोन आठवडे झाले.’’

लव्हर्नने मान वर केली. तिचे डोळे इतके स्वच्छ त्याने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

‘‘मी नाही भरत,’’ ती म्हणाली. ‘‘डॉर्सी, मी... मी ते...’’ शब्द सापडेना. तिने उजव्या हाताची बोटं हवेत पिळली, एकदा, दोनदा, आणि मग आपल्याच बोटांकडे रागाने बघितलं. ‘‘मी ते उलटं. उलटं करते!’’

‘‘हो मॉम, हो,’’ मार्लिस रडत म्हणाली. ‘‘आपण आता माझ्याकडे जाऊ.’’

‘‘मग ह्याचं कोण करेल?’’

‘‘डॅडला स्वयंपाक येतो, मॉम.’’

लव्हर्नने डॉर्सीकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तर कदाचित मार्लिस थांबली असती, निदान नाताळपुरती. पण बोलीप्रमाणे त्याने मध्ये पडायचं नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून ते हनुवटीखालचं नळीचं तोंड हलत नव्हतं. त्याने लव्हर्नचा कोट आणून दिला. बटणंही त्यानेच लावली.

६

नाताळचा दिवस त्याने शेगडीसमोर बसून काढला. शिळी कुकी कॉफीत बुडवून खाल्ली. हॉबर्ट दोनदा दार वाजवून गेला, त्याने उघडलं नाही. दुपार कलल्यावर वाटलं, असं बसून डोकं फिरेल. उद्या हंगाम सुरू. रानात गेलं तर निदान पाय थकतील.

बंदूक मागच्या खोलीतून आणली. अडकलेला गज दोन्ही हातांनी ओढला. तो कुरकुरत बाहेर आला.

गजाच्या टोकाला स्क्रू होता. स्क्रूवर बेंबी नसलेली गोळी चावून बसली होती.

 गोळी भरताना गजाला स्क्रू लावत नाहीत. स्क्रू लागतो तो गोळी काढायला. तीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. त्याने फक्त गजाचं टोक बघायचं होतं.

तो उठला आणि तिची शिवणाची टोपली जमिनीवर उलटी केली. रिळं, लोकर, आणि तळाशी गाठ मारलेला एक मोजा. गाठ सोडताच काळपट गोळ्या फरशीवर घरंगळल्या. मूठ, दोन मुठी, आणखी. त्याने एक उचलली, दुसरी उचलली. प्रत्येकीत स्क्रूचं भोक होतं.

ती काढत होती. तो बाहेर लाकडं फोडत असताना, दुकानात गेला असताना, झोपला असताना, ती स्टूल आणून, दुखऱ्या गुडघ्यांनी चढून, काढत होती. त्याला ज्या दिवशी नळी रिकामी मिळाली, त्या दिवशीही ती रिकामी नव्हती. तिने केली होती. आणि तो म्हणाला होता, तीच भरते.

त्याने नळीतली दारू झटकली, गज सोडून पाहिला. पहिली खूण. रिकामी. बंदूक टेबलाला टेकवून, तिच्याकडे पाठ करून तो भिंतीवरच्या फोनपाशी गेला.

मार्लिसने उचलला. ‘‘डॅड, ती आत्ताच शांत झालीय. उद्या बोल ना.’’

‘‘दे तिला. मार्लिस, माझं चुकलं. दे.’’

थोड्या वेळाने पलीकडे श्वास ऐकू आला.

‘‘लव्हर्न, मी आहे. मी मूर्ख आहे, लव्हर्न. मी सकाळीच तुला घ्यायला येतो.’’

‘‘आज काढलीस?’’ तिने विचारलं. आवाज ठणठणीत होता.

‘‘काढली.’’

‘‘मग परत बघ. एकदा काढून भागत नाही. तू एकटा असलास की जास्त येतं.’’

‘‘काय येतं, लव्हर्न? काय आहे ते?’’

तिने विचार केला असावा. मग तिचा आवाज पुन्हा लहान मुलीसारखा झाला, ‘‘ही बाई कोण आहे? माझा कोट कुठंय?’’ आणि मार्लिसने फोन घेतला.

मार्लिस काहीतरी समजावत होती. डॉर्सीला पाठीला गार लागलं. शेगडी पेटलेली होती, दारं बंद होती. पाठीमागे सर्र आवाज झाला आणि शेवटी टक्, टक्. तो वळला नाही. वळावं असं वाटलं, पण मान वळेना. मुलगी ‘‘डॅड? डॅड, आहेस ना?’’ म्हणत होती. ‘‘आहे,’’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

वळला तेव्हा बंदूक होती तिथेच होती. बाकी काही नव्हतं. फरशीवरच्या गोळ्यांमधून मात्र, टेबलापासून त्याच्या टाचांपर्यंत, एक वाट मोकळी झाली होती. हातभर रुंद.

गज सोडला. दुसरी खूण.

तो स्टुलावर बसला, बंदूक गुडघ्यांत धरली आणि लव्हर्न बसली होती तसाच बसून स्क्रू पिळू लागला. गोळी वर आली. मागोमाग चिंधी आली. ती गादीपाटाची नव्हती. मऊ होती, लोकरी, लाल-काळ्या चौकडीची, आणि अजून उबदार होती.

त्याने अंगातल्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. लाल-काळी चौकडी. मग हात हळूहळू मागे नेला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कापड नव्हतं. तिथे रुपयाएवढं गोल भोक होतं, आणि बोटाला त्याची स्वतःची उघडी कातडी लागली.

रान, रस्ता, हॉबर्टचं घर, सगळं दाराबाहेर होतं. पण दारापर्यंत जायचं तर बंदुकीकडे पाठ करावी लागणार होती. बाहेर अंधारू लागलं होतं. त्याने दारू झटकली आणि गज पुन्हा नळीत सोडला. तो दुसऱ्या खुणेवर अडला.

डॉर्सीने स्क्रू पिळायला घेतला. घरात ते काढणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.